१७२९ नंतरची पानं

माझ्या कपाटात ढबूंचं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ आहे. नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी एका निवृत्त शिक्षकांनी घर आवरताना ते मला दिलं. पुस्तक मिटून कडेने पाहिलं की त्याचे दोन भाग सहज दिसतात. पुढची पानं हाताळून काळवंडलेली, शिवणीतून सुटलेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. मागची पानं बराच काळ जशीच्या तशी राहिल्यामुळे आजही उजळ आहेत. जिथे रंग बदलतो, तिथे कान्होजी आंग्रे वारतात.

मी अलिबागच्या एका शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. या गावात इतिहास शिकवणं सोपं असतं. किनाऱ्यावर आलं की पाण्यात कुलाबा किल्ला उभा दिसतो, आणि ज्यांनी हे गाव नावारूपाला आणलं त्यांची समाधी गावातून जाता-येता लागते. दर वर्षी ओहोटीची वेळ बघून मी मुलांना किल्ल्यात न्यायचो. चपला हातात, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, अशी ती रांग महादरवाजापाशी थांबली की मी सांगायला लागायचो. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला कसं आणलं, सरखेलीची म्हणजे आरमारप्रमुखपदाची वस्त्रं त्यांना कशी मिळाली, त्यांच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्यावरून व्यापाऱ्याचं जहाज सुखरूप का जात नसे, १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत कसे परतले. मुलं कान देऊन ऐकायची. मग मी म्हणायचो, ‘४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं,’ आणि मुलं डबे उघडायची.

पुढचं मला एका वाक्यात येत होतं. मुलांत भांडणं लागली, मानाजी पोर्तुगिजांना फितूर झाला आणि आंग्र्यांचं आरमार बुडालं. हे वाक्य मी कुठेही वाचलं नव्हतं. लहानपणी ऐकलं होतं, बी. ए.ला असताना परीक्षेत लिहिलं होतं आणि पुढे वर्गात बोलत राहिलो होतो. कपाटातल्या पुस्तकात त्यावर कितीतरी पानं होती. ती मी उघडली नव्हती, कारण पराक्रम संपल्यावर वाचण्यासारखं काही उरतं असं मला वाटत नव्हतं.

१९८६ च्या डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी मी स्वतः नाटक लिहिलं. तीन रात्रींत झालं. पडदा उघडतो तेव्हा कान्होजी अंथरुणावर आहेत, भोवती मुलगे उभे आहेत. सेखोजी शांत, संभाजी तडफदार, तुळाजी, येसाजी, धोंडजी नुसतेच उभे, आणि कोपऱ्यात पाठ करून मानाजी. मानाजीला मी खलनायक केलं. त्यासाठी माझ्याकडे आधार एवढाच होता की सेखोजी आणि संभाजी सख्खे आणि मानाजी त्यांचा सख्खा नव्हे. दुसऱ्या अंकात मी संभाजीच्या तोंडी वाक्य घातलं : ‘सरखेली रक्ताने उतरते. लेकावळ्याला दर्यात वाटा नाही.’ शेवटच्या प्रवेशात मानाजी कान्होजींच्या समाधीवर डोकं आपटून रडतो आणि आपला गुन्हा कबूल करतो. असं काही घडल्याचा एका ओळीचाही पुरावा नाही. तो प्रवेश मी मनाने रचला होता, आणि पुरावा लागतो हे मुलांना शिकवण्याचाच मला पगार मिळत होता.

मानाजीच्या कामासाठी मी नववीतला एक मुलगा निवडला. जवळच्या कोळीवाड्यातला. आवाज दमदार, पाठांतर पक्कं. वर्गात तो फारसा बोलायचा नाही, पण तालमीत उभा राहिला की बाकीच्यांची वाक्यं चुकली तरी याचं चुकत नसे. त्याच्या आईने आपल्या जुन्या लाल लुगड्याचा पट्टा कापून त्याला फेटा करून दिला होता. प्रयोगाच्या दिवशी ती पुढे बसली होती. लेकावळ्याचं वाक्य आलं तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. ते वाक्य सगळ्यांत जोरकस उतरलंय म्हणून मी विंगेत खूश झालो.

तो मुलगा वडिलांच्या दुसऱ्या बायकोचा होता. मला हे माहीत नव्हतं. हजेरीपटावर बापाचं नाव असतं, आईचं तेव्हा नसायचं. पण कोळीवाड्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि मी त्यांच्यातल्या एकाला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं. मुलं त्याला मानाजी म्हणायला लागली. मग ‘फितुऱ्या’ म्हणायला लागली. हे मी ऐकलं होतं. नाटक गाजलं की पात्रांची नावं चिकटतात, असं म्हणून सोडून दिलं.

पुढच्या जूनमध्ये त्याचे वडील गेले. ते नाखवा होते, स्वतःची बोट असलेले. पावसाळा तोंडावर होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून झाल्या होत्या. किनाऱ्यावरच्या माणसाला हा काळ काय असतो ते सांगायला नको. दोन महिने दर्या बंद, माणसं घरात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की बोट पाण्यात गेलीच पाहिजे. त्याआधी तांडेल कोण, खलाशी कोण, त्यांचा बयाणा कोण देणार, जाळ्यांवरचं कर्ज कोणाच्या नावावर चढणार, हे ठरावं लागतं. म्हणजे नाखवा पावसात गेला तर वारसाचा निकाल लावायला घराला दोन महिने मिळतात. कान्होजीही ऐन पावसाळ्यात वारले, तेव्हा त्यांची गलबतंही अशीच किनाऱ्याला लागलेली असणार. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

जुलैत एका दुपारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. तो दारात उभा राहिला. अंगावरचा सदरा ओला होता. मी ‘ये’ म्हणालो, पण मान वर केली नाही.

‘सर, मानाजीला काहीच मिळायला नको होतं का?’

‘कशातलं?’

‘आरमारातलं. तो सख्खा नव्हता म्हणून?’

‘हक्क सख्ख्याचाच असतो,’ मी म्हणालो. ‘पुढे जे केलंन ते तर वाईटच केलंन.’

तो थोडा वेळ उभा राहिला. मी लाल पेनाने एकाचे गुण मांडत होतो, बेरीज चुकली म्हणून पुन्हा केली. मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं. जमिनीवर पाण्याची दोन पावलं होती.

ते उत्तर मी अनेकदा आठवलं आहे. ते इतिहास म्हणून चूक होतं, पण त्याहून वाईट म्हणजे मी त्याला उलट एकही प्रश्न विचारला नाही. बाप जाऊन महिना झालेला मुलगा पावसात शाळेत येतो आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या वाटणीबद्दल विचारतो, हे मला विचित्र वाटायला हवं होतं. मला वाटलं, मुलाला विषयाची गोडी लागली.

नारळी पौर्णिमेनंतर तो शाळेत आला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी शिपायाने सांगितलं की बोट थोरल्या भावाने घेतली, याला आणि आईला वेगळं काढलं, आणि पोरगा रेवसच्या बाजूला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. शिपाई आणखी एक वाक्य बोलला : ‘घरात पण त्याला मानाजी म्हणायचे, सर.’ मी त्या घरी गेलो नाही. चालत पंचवीस मिनिटांचं अंतर होतं. नाव पटावरून कमी करण्याच्या कागदावर वर्गशिक्षक म्हणून सही केली आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलं.

पुढच्या वर्षी १७ ऑगस्टला बहावलपूरजवळ जनरल झिया उल हक यांचं विमान कोसळलं. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मुलांनी विचारलं, आता पाकिस्तानात काय होणार. मी खडू हातात घेऊन ठामपणे सांगितलं की जिथे लष्कराची सत्ता एकाच माणसाच्या हातात असते तिथे तो गेला की एकतर दुसरा जनरल बसतो नाहीतर घर फुटतं, आणि दाखला म्हणून आंग्र्यांचं तेच वाक्य सांगितलं. प्रत्यक्षात सिनेटचे अध्यक्ष गुलाम इशाक खान राज्यघटनेप्रमाणे अध्यक्ष झाले, लष्करप्रमुख मिर्झा अस्लम बेग खुर्चीवर बसले नाहीत, नोव्हेंबरात निवडणुका झाल्या आणि २ डिसेंबरला बेनझीर भुट्टोंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लष्कराचा हात तिथल्या कारभारातून गेला नाही हे खरं. पण मी सांगितलं होतं तसं झालं नव्हतं. एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, ‘सर, मग आंग्र्यांकडे तसं का नाही झालं?’ प्रश्न साधा होता. मला उत्तर येत नव्हतं. त्या नाताळच्या सुट्टीत मी ढबूंचं पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा जिथे पानांचा रंग बदलतो तिथून पुढे वाचायला सुरुवात केली. जोडीला १८८३ चं कुलाबा गॅझेटियर मिळवलं.

वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट अशी कळली की कान्होजी गेल्याबरोबर काहीही फुटलं नाही. सेखोजी सरखेल झाले, शाहू महाराजांनी मान्यता दिली, भाऊ कामाला लागले. चार वर्षं घर एकत्र होतं. माझ्या नाटकात ही चार वर्षं नव्हतीच.

दुसरी गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून बसलो. १७३३ च्या सुरुवातीला जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान मेला. त्याच्या घरात वारसाचं भांडण लागलं, रक्त सांडलं, आणि बाजीराव पेशव्यांनी तीच वेळ साधून जंजिऱ्यावर मोहीम काढली. सेखोजी आंग्रे त्या मोहिमेत होते. जूनमध्ये रायगड मराठ्यांकडे परत आला. दुसऱ्याच्या घरात धनी मेल्यावर काय होतं, ते बघत, त्याचा फायदा घेत आंग्रे लढत होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जंजिरा हाती न लागताच, सेखोजी कुलाब्याला वारले. जी फट त्यांनी सिद्द्याच्या तटात शोधली होती, ती काही महिन्यांत त्यांच्याच घराला पडली. ही एवढी मोठी गोष्ट, आमच्या डोळ्यांसमोरच्या किल्ल्यात घडलेली, मी दहा वर्षं शिकवत होतो आणि मला ठाऊक नव्हती.

संभाजी सरखेल झाले. इथे मला नकाशा काढावा लागला. नकाशा काढल्यावर जे समजलं ते हजार संवादांनी समजलं नसतं. उत्तरेला कुलाबा आणि खांदेरी, दक्षिणेला सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. दोन्हींच्या मध्ये जंजिरा, शत्रूचा. अलिबागच्या अगदी दारातलं उंदेरीसुद्धा सिद्द्याचं. म्हणजे आंग्र्यांचं राज्य समुद्रावर दोन तुकड्यांत होतं आणि दोन्ही तुकड्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कान्होजींचा शब्द. विजयदुर्गाचा किल्लेदार कुलाब्याचं का ऐकतो, तर तिथे कान्होजी आहेत म्हणून. दस्तकाचे पैसे, जकात, गलबतांची डागडुजी, पोर्तुगिजांशी बोलणी, साताऱ्याशी पत्रव्यवहार, सगळं त्यांच्या हातातून जायचं. असा माणूस दोन्ही टोकं तीस वर्षं धरून ठेवू शकतो. त्याचं पद मुलाला मिळतं. त्याची पकड मिळत नाही, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नसते.

मानाजींच्या मनासारखं त्यांच्या वाट्याला आलं नाही, ते पोर्तुगिजांकडे गेले आणि त्यांच्या मदतीने कुलाबा घेतला. इथवर माझं ऐकीव वाक्य खरं होतं. पण हेही खरं की कुलाबा हातात आल्यावर मानाजींनी पोर्तुगिजांची संगत धरून ठेवली नाही. बाजीरावांनी १७३५ मध्ये तडजोड केली. संभाजींकडे सरखेली आणि दक्षिण, मानाजींकडे वजारतमाब हा किताब आणि कुलाबा. मोबदल्यात कोथळागड आणि राजमाची पेशव्यांनी घेतले. भाऊबंदकीत मध्यस्थ होणारा फुकट होत नाही, हे कोकणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझं मत असं की समुद्राने आधीच पाडलेली वाटणी बाजीरावांनी कागदावर आणली, आणि आंग्रे दोन झालेले त्यांना सोयीचेही होते.

मग १९ एप्रिल १७३६. रेवसजवळ कामार्ल्याच्या लढाईत चिमाजी अप्पांनी सिद्दी सात मारला, तेव्हा मानाजी त्यांच्या बाजूने होते. वसईच्या मोहिमेत मानाजींची गलबतं होती. ज्याला मी सभागृहभर लोकांसमोर पोर्तुगिजांचा फितूर म्हणून उभा केला, तो पोर्तुगिजांना वसईतून घालवणाऱ्यांपैकी एक होता.

त्यांना धुऊन काढण्याचा माझा हेतू नाही. कुलाबा घेतल्यावर मानाजींनी भावाचे, येसाजींचे, डोळे काढले. ते पान वाचताना मला अन्न गोड लागलं नाही. आणि हा खरा अपराध माझ्या नाटकात नव्हता! जे केलं ते मला माहीत नव्हतं, जन्म कुठल्या आईच्या पोटी झाला ते माहीत होतं, आणि मी त्याच्यावरून शिक्षा सुनावली होती. कान्होजींना मी नेहमी ‘ते’ म्हणायचो आणि मानाजीला ‘तो’. ही सवय मोडायलाही मला वेळ लागला.

१७४० मध्ये संभाजींनी अलिबागवर स्वारी केली आणि कुलाब्याला वेढा घातला. मानाजींच्या मदतीला चिमाजी अप्पा आणि नानासाहेब आले. ते इथे असतानाच २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. म्हणजे मराठी राज्यातल्या सगळ्यांत बलाढ्य माणसाच्या मृत्यूची बातमी त्याच्या मुलाला आमच्या गावात कळली. एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांना सुमारे दोन महिन्यांत पेशवाईची वस्त्रं मिळाली. विरोध होता, पण साताऱ्यात शाहू महाराज बसले होते, त्यांनी शब्द दिला आणि विषय मिटला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला या दोन घरांत सापडलं. एका घराच्या वर ऐकायला लावणारं कोणीतरी होतं. दुसऱ्याच्याही वर तेच महाराज होते, पण सातारा घाटावर आणि आरमार समुद्रात. १७४२ च्या जानेवारीत संभाजी वारल्यावर सरखेली कोणाला द्यायची, तर सिद्द्याकडून अंजनवेल जिंकेल त्याला, असं ठरलं. तुळाजींनी १७४५ मध्ये अंजनवेल घेतलं आणि सरखेल झाले. बळावर मिळालेलं पद बळावरच ठेवावं लागतं. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात, पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्याला आंग्र्यांचं आरमार जळालं. ते मानाजींनी बुडवलं नव्हतं.

हे सगळं मला १९८९ च्या जानेवारीपर्यंत कळलं होतं. इथपर्यंत माझी चूक अज्ञानाची होती. पुढची नाही.

१९९१ च्या संमेलनात तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं, कारण लोकांना आवडलं होतं. मला वहीत बदल करता आले असते. मी बसलोही होतो एका रविवारी. पण खरं लिहायला गेलं की नाटक उभं राहीना. सख्खे-सावत्र काढलं की टाळ्यांचं वाक्य जात होतं. नकाशा रंगमंचावर आणता येत नव्हता. शेवटचा समाधीवरचा प्रवेश काढला तर पडदा कशावर पाडायचा हे सुचेना. मी वही मिटली आणि जुनंच नाटक दिलं. त्या रात्रीही लेकावळ्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि मी पुढच्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसून त्या ऐकल्या. वर्गात मात्र मी खरं शिकवायला लागलो होतो. म्हणजे चाळीस मुलांना एक इतिहास आणि चारशे लोकांना दुसरा. नंतर मी ती वही कोणाला दिली नाही. पण आपण चूक पसरवली असं जाहीर सांगितलं, असंही झालं नाही.

त्या मुलाकडे जायचं मी दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी काही ना काही निघायचं. बोर्डाचे पेपर, मुलीचं लग्न, गुडघा. २०११ मध्ये निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणात मी पंधरा विद्यार्थ्यांची नावं घेतली. त्यात तो नव्हता.

तो मला भेटला तीन वर्षांपूर्वी, माघात. मी किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो, तो कोणाचीतरी वाट बघत उभा होता. केस पांढरे, आवाज तोच. त्यानेच ओळखलं. ‘सर’ म्हणून वाकला, मी त्याला वाकू दिलं नाही. तो आता स्वतःच्या बोटीवर तांडेल होता, दोन मुलगे, एक त्याच्याबरोबर, एक मुंबईत. द्वादशी होती, दुपारी साडेतीनच्या सुमाराला ओहोटी पुरी व्हायची होती. मी म्हणालो, किल्ल्यात येतोस का? तो म्हणाला, चला, गाडी कशाला, चालत जाऊ.

पाणी घोट्याएवढं होतं. अर्ध्या वाटेवर मी बोललो. नाटक चूक होतं, ते वाक्य मी लिहिलं, त्या दुपारी तू आलास तेव्हा मी विचारायला हवं होतं. पाठ केलेलं नव्हतं, तरी एका दमात बाहेर आलं. तो चालत राहिला. मग म्हणाला, ‘तुम्हाला काय वाटलं, मी का आलेलो?’

‘तेच तर मला कळलं नाही.’

‘पंच बसणार होते दुसऱ्या दिवशी. आई म्हणाली, सरांना बोलावून आण, शिकलेला माणूस मध्ये असला तर ऐकतील. मला तुम्हाला घेऊन जायचं होतं. पण थेट कसं सांगायचं, म्हणून मानाजीचं विचारलं.’

मी थांबलो. त्याने मागे वळून पाहिलं आणि दगडावरून पाय सरकेल म्हणून हात पुढे केला. तो हात मी धरला. त्या जुलैत मी मान वर करून ‘बस’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी मी दुसऱ्या दिवशी पंचांपुढे असतो. त्यांनी माझं ऐकलं असतं की नाही, कोणास ठाऊक. ‘हक्क सख्ख्याचाच’ हे माझं उत्तर मात्र त्याने घरी नेलं होतं आणि आईला सांगितलं होतं. तिने मग कोणालाच बोलावलं नाही. आई कधी गेली ते मी विचारलं, त्याने साल सांगितलं.

महादरवाजातून आत गेलो. तटाचे दगड बिनचुन्याचे, एकावर एक नुसते बसवलेले आहेत. लाट फटीत शिरते आणि तिचा जोर मोडतो, असं मी मुलांना सांगायचो. तो तटाला हात लावून चालत होता. तळ्यापाशी पाणी प्यालो आणि सिद्धिविनायकाच्या देवळात आलो. त्याने टोपी काढली, घंटा वाजवली, बराच वेळ हात जोडून उभा राहिला. म्हणाला, लहानपणापासून येतो, बोट पहिल्यांदा पाण्यात टाकली तेव्हा आईला घेऊन आलो होतो.

‘हे देऊळ कोणी बांधलं माहीत आहे?’ मी विचारलं.

‘कान्होजींनी.’

‘नाही. रघुजी आंग्र्यांनी, १७५९ मध्ये. मानाजींच्या मुलाने.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे. मी सांगत गेलो. मानाजींनी जवळजवळ पंचवीस वर्षं हा किल्ला राखला. समाधीवर डोकं वगैरे काही आपटलं नाही. त्यांच्या मागे रघुजींनी चौतीस वर्षं कारभार केला. विजयदुर्गाची शाखा संपली, कुलाब्याची राहिली. रघुजी गेल्यावर पुन्हा वारसाचे तंटे झाले, शिंद्यांच्या फौजा आल्या, तरी घर १८४० पर्यंत टिकलं. दुसरे रघुजी गेले, मागे तान्हं मूल होतं, तेही दगावलं, आणि इंग्रजांनी दत्तक नाकारून संस्थान खालसा केलं. हे दुसरे रघुजीही मानाजींच्याच वंशातले.

‘हे नाटकात नव्हतं,’ तो म्हणाला.

‘मी वाचलं नव्हतं.’

तो देवळाच्या पायरीवर बसला. मीही बसलो. येसाजींच्या डोळ्यांचंही मी त्याला सांगितलं, लपवलं नाही. त्यावर त्याने मान हलवली आणि काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून तो तटावर गेला, पश्चिमेकडे बघून परत आला आणि टोपी घातली.

‘पाणी फिरलं, सर. उठा.’